चार बोटांची पट्टी

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. वीतभर लांब, कडा गोलसर, आणि मधोमध दोरा घासून घासून आलेली चकाकी. मला पाहून तुम्हाला वाटेल, ही कुणाची तरी मोडकी फूटपट्टी असावी. पण मित्रांनो, माझ्यावर एकही आकडा नाही, आणि तरीही एका अख्ख्या तळ्यातली मासळी केवढी असावी हे पुष्कळ वर्षं माझ्यावरून ठरत होतं. ही बढाई नव्हे. मी लाकूड आहे, मला फुगता येतं ते फक्त पाण्यात पडल्यावर.

माझा जन्म एका वल्ह्याच्या उरलेल्या तुकड्यातून झाला. तळ्याकाठी एक मासे धरणारं कुटुंब राहत असे. घरातले वडील, ज्यांना सगळे बाबा म्हणत, त्यांच्यासाठी त्यांचा मेहुणा नवं वल्हं तासत होता. हा मेहुणा सुतार होता, म्हणून पोरांचा तो सुतारमामा. वल्हं झाल्यावर हातात उरलेला तुकडा तो चुलीत टाकणार, एवढ्यात बाबा म्हणाले, “थांब. मला जाळं विणायला पट्टी करून दे. बरोबर चार बोटं रुंद.” मामाने त्यांचीच चार बोटं माझ्यावर ठेवून खूण केली, दोन्ही बाजूंनी रंधा मारला आणि मी तयार झाले.

माझं काम सोपं होतं. जाळं विणताना दोऱ्याचा एक वेढा माझ्याभोवती पडे, सुई आतून निघे, गाठ आवळली जाई, आणि जाळ्याचं एक भोक तयार होई. या भोकाला आस म्हणतात. मी जेवढी रुंद तेवढा आस मोठा, आणि आसाहून बारीक मासळी आरामात निसटून जाणार. दोन्ही काठांवर माणसं उभी राहून जे लांबलचक जाळं ओढत आणतात, ते असं हजारो आसांचं असतं. ते सगळे माझ्या अंगावरून गेले.

बाबांचा एक नियम होता आणि त्या नियमाचा त्यांना फार अभिमान होता. मासळीने एकदा तरी अंडी घातल्याशिवाय तिला धरायचं नाही. म्हणून नवं जाळं विणायला घेण्याआधी घरात एक काम ठरलेलं असे. त्या हंगामात कापलेल्या मासळीतली, जिच्या पोटात गाबोळी म्हणजे अंड्यांची पिशवी निघाली अशी सगळ्यांत लहान मासळी माझ्यावर आडवी ठेवायची. तिचं अंग माझ्याएवढं रुंद भरलं तर मी बरोबर. त्याहून लहान सगळी लेकरं समजायची आणि लेकरांना पाण्यात जाऊ द्यायचं.

तळ्यात एकाच जातीची मासळी भरपूर होती. अंगावर चकाकी म्हणून सगळे तिला रुपेरी म्हणत. बाबांच्या काळात हातभर लांब रुपेरी निघे. दोघांनी मिळून टोपली उचलावी लागे. इतर होड्यांवरचे लोक मला मागून नेत आणि माझ्या मापाचे आस विणत. “त्यांच्या पट्टीचं जाळं म्हणजे पापभीरू जाळं,” असं म्हणत. कौतुक कुणाला आवडत नाही? मीही खिळ्यावर जरा ताठ लटकत असे. तशी मी एरवीही ताठच असते म्हणा.

बाबा गेले आणि काम त्यांच्या दोन मुलांकडे आलं. थोरली आक्का. अंगणातल्या कापायच्या दगडावर बसून मासळी साफ करायची आणि विकायची हे तिचं काम. धाकट्याचं नाव घरात बारक्या. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे, मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या, पण शेंडेफळ म्हणून बारक्या तो बारक्याच राहिला. जाळं तो विणायचा. त्याचा हात बाबांपेक्षाही हलका होता हे मी खात्रीने सांगते. माझी जागा अंगणाकडच्या भिंतीवर, कापायच्या दगडाच्या वर, त्यामुळे दोघांचं सगळं बोलणं माझ्या कानावर पडे.

एका हंगामात आक्काने कापलेली एक रुपेरी उचलून दाखवली. “हे बघ रे. एवढीशी, आणि पोट भरलेलं.” बारक्याने ती माझ्यावर ठेवली. माझी एक कड उघडी राहिली. त्याला आनंद झाला. मासळी लवकर वयात येते आहे म्हणजे तळं लेकुरवाळं झालं, असा त्याने अर्थ लावला. नियमाप्रमाणे आता आस थोडा लहान चालणार होता. सुतारमामाला बोलावलं गेलं. “बाबांच्या पट्टीला रंधा लावू म्हणतोस?” त्याने विचारलं. बारक्या म्हणाला, “नियम बाबांचाच आहे ना, मामा? मी कुठे मोडतोय?” मामाने माझ्या एका कडेची साल काढली. नवी पट्टी करता आली असती, पण वापरून गुळगुळीत झालेल्या पट्टीवरून दोरा जसा सरकतो तसा कोऱ्या लाकडावरून सरकत नाही.

पुढे काही वर्षांनी पुन्हा तसंच घडलं. पुन्हा आक्काच्या हाती त्याहून लहान गाबोळीवाली मासळी लागली, पुन्हा ती माझ्यावर ठेवली गेली आणि पुन्हा माझी कड उघडी पडली. मामाने दुसरी साल काढली. आता मी जेमतेम तीन बोटं उरले होते. नियम मात्र शाबूत होता. त्या घरात कुणी चोरून, लबाडीने किंवा हावरटपणाने काही केलं नाही, हे मी मुद्दाम सांगते.

या मधल्या काळात तळंही बदलत चाललं होतं. दुरुस्तीसाठी मी नावेत असे, त्यामुळे मला ते जवळून दिसलं. पूर्वी वल्ह्याचं पातं खाली पोचेपर्यंत दिसायचं आणि तळाशी पाणवनस्पती हलताना दिसायची. नंतर नंतर वल्हं अर्ध्यातच हिरव्या पाण्यात नाहीसं होऊ लागलं. जाळं बाहेर काढलं की त्याला शेवाळाची बुळबुळ लागलेली असे. माझ्याही अंगाला तिचा वास राहू लागला.

टोपल्या भरत होत्या, पण भरत होत्या त्या हाताच्या पंज्याएवढ्या मासळीने. बाजारातला खाणावळवाला आक्काचं जुनं गिऱ्हाईक. तो एक दिवस टोपलीत हात घालून म्हणाला, “आक्का, यात मासळी किती आणि काटे किती? लोक खाताना शिव्या देतात, त्या मी ऐकायच्या का?” त्याने घेणं निम्म्यावर आणलं. मग दुसऱ्यांनीही तेच केलं. आक्का पूर्वी दुपारपर्यंत रिकाम्या टोपल्या घेऊन परते, आता संध्याकाळी अर्ध्या भरलेल्या घेऊन परतू लागली. तळ्याशिवाय त्या घराला दुसरा आधार नव्हता.

अशात जुनं जाळं विरलं आणि नवं विणायची वेळ आली. आक्काने कापलेल्या मासळीतली सगळ्यांत लहान गाबोळीवाली माझ्यावर ठेवली गेली. मित्रांनो, ती माझ्या दोन बोटांत मावली. तिसरं बोट सगळं मोकळं. बारक्याने मला खाली काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि मामाकडे निघाला. तेवढ्यात आक्काने सुरी दगडावर ठेवली.

“जरा बस. या वेळी रंधा नको.”

“मग काय करू? तीन बोटांचा आस ठेवला तर जाळ्यात काय येणार? पाणी?”

“मला सांग, बाबांच्या वेळी एवढीशी मासळी गाभण असायची का? आणि आपण आस लहान केला की पुढच्या खेपेला ती आणखी लहान. आपण तिच्या मागे आणि ती आपल्या पुढे. हे थांबणार कुठे? सुईच्या नेढ्यात?”

बारक्याला हसू आलं नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. पाणी बिघडलं आहे, मासळीला खायला मिळत नाही, म्हणून ती खुरटली आहे. चांगलं खायला मिळालं की वाढेल. आक्का म्हणाली, मग खाणीतली का खुरटली नाही?

खाणीचं सांगायला हवं. तळ्याच्या मागे दगडाची एक बंद पडलेली खाण होती. तिच्यात पाणी साचल्यावर बाबांनीच कधीतरी तळ्यातली बादलीभर रुपेरी तिथे सोडली होती. खाणीच्या तळाशी धारदार दगड असल्याने तिथे ओढायचं जाळं कुणी लावत नसे. आक्का अधूनमधून गळ टाकून घरापुरती मासळी आणायची. ती अजून हातभर निघे, आणि लहान असताना तिच्या पोटात गाबोळी कधीच सापडत नसे. मूळ एकच, पण दोन ठिकाणी दोन तऱ्हा.

“खाणीतलं पाणी चांगलं आहे,” बारक्या म्हणाला.

“मग दोघींना एका पाण्यात ठेवून बघू. खायलाही एकच घालू. तू म्हणतोस तसं असेल तर दोघी सारख्याच वाढतील आणि मी स्वतः पट्टी मामाकडे नेऊन देईन.”

अंगणात जिवंत मासळी ठेवायचा सिमेंटचा हौद होता. आक्काने तळ्यातून आणि खाणीतून बोटाएवढी पिल्लं आणली. अशा पिल्लांना बोटुकल्या म्हणतात. ओळख पटावी म्हणून खाणीतल्या बोटुकल्यांचा पोटाखालचा एक पर कात्रीने मुळापासून छाटला आणि सगळ्या एकत्र हौदात सोडल्या. निकाल लागेपर्यंत मला रंधा लागणार नव्हता. तोवर जुन्या जाळ्याला ठिगळं लावून काम भागवायचं होतं. एवढी ठिगळं मी जन्मात विणली नव्हती. बारक्या गाठ मारता मारता पुटपुटे, “आमच्या घरी मासळीची शाळा काढलीय.” पण हौदात कोंडा टाकायला तो एक दिवसही विसरला नाही, आणि तळ्यातल्या जिथे जमत तिथे मूठ जरा सैल पडे हेही मी पाहिलं आहे. मात्र खाताना मासळी बाजू पाळत नाही.

हौद माझ्या समोरच होता. सुरुवातीला दोन्हीकडच्या पोरी सारख्याच दिसत. मग तळ्यातल्या भराभर गोल झाल्या आणि एवढ्याशा अंगात पोटं दिसू लागली. बारक्या खूश. “बघ, माझ्या बाळसं धरताहेत!” खाणीतल्या तेव्हा लांबट, हडकुळ्या. पण त्यानंतर तळ्यातल्या जागच्या जागी थांबल्या. खायला पोटभर होतं, पाणी स्वच्छ होतं, तरी पंज्याएवढ्या झाल्या आणि सगळं बळ अंड्यांत घालू लागल्या. खाणीतल्या मात्र वाढत राहिल्या. दुसऱ्या वर्षी हौदात तुटक्या पराच्या मोठ्या आणि अख्ख्या पराच्या लहान अशा दोन पंगती स्पष्ट दिसत होत्या. शेजारीपाजारी कुंपणावरून बघून जात. बारक्या मात्र हौदाकडे जाईनासा झाला.

शेवटी आक्काने दोन्हीकडची एकेक मासळी दगडावर शेजारी शेजारी ठेवली. बारक्याने उकिडवं बसून दोन्ही उलटूनपालटून पाहिल्या.

“पाणी एक, खाणं एक,” तो म्हणाला. “मग हे रक्तातच उतरलंय?”

“आता उतरलंय. पहिल्यापासून नव्हतं. सगळ्या रुपेरी सारख्या कधीच नसतात. काही आधी अंग धरतात आणि मग गाबोळी. काही घाईच्या असतात, लहानपणीच अंडी घालून मोकळ्या होतात. पहिल्या तुझ्या जाळ्यात सापडल्या, दुसऱ्या आसातून गेल्या. पुढची पिल्लं कुणाची झाली? ज्या गेल्या त्यांची. ती आईवरच जाणार. आणि त्यांच्यातली त्याहून लहान तेवढी पुन्हा सुटणार, कारण आपण पट्टी त्यांच्या मापाने करत गेलो.”

बारक्या म्हणाला, “मी जन्मभर लहानांना सोडत आलो गं. बाबांनी शिकवलं तसंच. लोक पापभीरू म्हणायचे. मग ते सगळं चुकीचं?”

“लहानांना सोडलंस ते चुकीचं नाही रे. मोठी एकसुद्धा सोडली नाहीस.”

त्या दिवशी तो जेवला नाही. मला हातात घेऊन ओट्यावर बसून राहिला आणि अंगठ्याने माझी तासलेली कड चाचपत राहिला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

पण खरं सांगायचं तर बारक्याचं म्हणणंही सगळं खोटं नव्हतं. तळ्यात खायला कमी होतंच, फक्त ते का कमी झालं हे त्याला ठाऊक नव्हतं. मोठी रुपेरी गोगलगायी खाते, बारीक मासळी खाते. लहान रुपेरीचं पोट भरतं ते पाणपिसवांवर. हे पाण्यात टुणटुण उड्या मारणारे ठिपक्याएवढे जीव. पाणपिसवा पाण्यातलं बारीक हिरवं शेवाळ खातात म्हणून पाणी नितळ राहतं. मोठ्या रुपेरी संपल्या, लहानच लहान उरल्या, त्यांनी पाणपिसवा फस्त केल्या आणि पाणी हिरवं झालं. तळापर्यंत ऊन पोचेना, मग पाणवनस्पती गेली आणि तिच्यावरच्या गोगलगायी गेल्या. आता एखाद्या रुपेरीला मोठं व्हायचं असलं तरी ती काय खाऊन मोठी होणार? अशा तळ्यात घाई करणारीचंच साधतं. म्हणजे जाळ्याने मासळी बदलली, मासळीने तळं बदललं, आणि बदललेलं तळं मासळीला आणखी लहान राहायला लावू लागलं. हे आक्काला आणि बारक्याला एका दिवसात कळलं नाही. हौदातल्या तुटक्या पराच्या मोठ्या मासळीपुढे गोगलगायी टाकून आणि खाणीतलं पाणी काचेच्या बरणीत तळ्यातल्या पाण्याशेजारी ठेवून त्यांनी ते हळूहळू ताडलं.

बारक्याला सोपा उपाय सुचला होता. खाणीतली मासळी तळ्यात सोडायची की झालं. आक्का म्हणाली, “सोड. पण ती मोठी झाली की पहिल्या ओढीला तुझ्याच जाळ्यात येईल. मग?”

मग नवा नियम झाला. रंधा मला लागला नाही. माझ्या उरलेल्या तीन बोटांवरच नवं जाळं विणलं गेलं. सुतारमामा आता थकला होता, तरी काठी टेकत आला आणि नावेच्या काठावर दोन तांब्याचे खिळे ठोकून गेला. या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत जी मासळी पुरेल आणि वर उरेल, ती परत पाण्यात. लहान ती आसातून जाणार आणि मोठी ती हाताने सोडायची. मधली तेवढी आपली. खाणीतल्या काही रुपेरीही तळ्यात सोडल्या, पोटाखालचा पर छाटून. इतर होड्यांवरचे लोक हसले. एकाने विचारलं, “काय बारक्या, आता चांगलं ते देवाला आणि वाईट ते आपल्याला का?” बारक्या म्हणाला, “हो, तसंच.” पोट भागेना म्हणून रिकाम्या वेळात तो दुसऱ्यांच्या होड्यांना डांबर लावू लागला.

पहिल्या हंगामात सोडण्यासारखं काही आलंच नाही. दुसऱ्यातही नाही. नियम पाळणं सोपं होतं, कारण पाळायला काही नव्हतं.

मग एका सकाळी जाळं काठाला लागता लागता जड झालं. त्या लहान लहान मासळीच्या खळबळीत एक रुपेरी निघाली. हातभर. बारक्याने ती दोन्ही हातांनी उचलून नावेच्या काठावर ठेवली. ती दुसऱ्या खिळ्याच्या पुढे गेली. पोटाखालचे दोन्ही पर शाबूत होते, म्हणजे ती खाणीतली नव्हती. तळ्याचीच होती, इतकी वर्षं कुठल्या तरी कपारीत राहून वाचलेली. पोट अंड्यांनी भरलेलं.

काठावर खाणावळवाला उभा होता. तो ओरडला, “बारक्या, ही माझी! सांगशील तो भाव देतो. आणि उद्यापासून पूर्वीसारखं रोज घेतो, वचन देतो.” ओढणारी माणसं थांबली. कित्येक वर्षांत अशी मासळी कुणी पाहिली नव्हती. बारक्या गुडघाभर पाण्यात तिला धरून उभा राहिला. तिच्या कल्ल्यांची उघडमीट चालली होती. मी नावेत दुरुस्तीच्या दोऱ्याजवळ पडले होते आणि मला त्याचे हात दिसत होते. ते थरथरत होते, पण उघडत नव्हते. ज्या माणसाने जन्मभर लाखो मासळी सोडली, त्याला ही एक सोडवेना.

आक्का पाण्यात उतरली. लुगडं भिजलं तरी तिने पर्वा केली नाही. तिने त्याच्या हातांवर आपले हात ठेवले नाहीत की त्याला ओढलं नाही. ती फक्त शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “बारक्या, हिची पिल्लं आपण बघणार नाही कदाचित. पण ती हिच्यावर जातील.”

त्याने हात पाण्याखाली नेले आणि उघडले. ती क्षणभर तिथेच थबकली. तिला बहुधा खरं वाटलं नसावं. मग हिरव्या पाण्यात गेली. बारक्या तोंड फिरवून रडला, आणि मग जाळं झटकायला लागला, कारण मधली मासळी उन्हात तापत होती.

मित्रांनो, पाणी अजून हिरवंच आहे. मोठी मासळी अजून क्वचितच येते. माझ्या अंगावरच्या सालींनी केव्हाच चूल पेटली, आणि मी काही पुन्हा चार बोटं होणार नाही. लाकडाला वाढ नसते. तळ्याला मात्र असते, जोवर त्यात वाढू पाहणारं कुणी शिल्लक आहे तोवर. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. एखादी जिवंत गोष्ट वापरायची वेळ आली की त्यातलं सगळ्यांत चांगलं ते सगळं उचलू नका. थोडं मागे राहू द्या, आणि ते सोडताना हात थरथरले तर लाजू नका. पुढे येणारे त्या मागे राहिलेल्यांचीच लेकरं असतात.